मायक्रोकंट्रोलर प्रोग्रामरची वीज व केबल जोडणी

मायक्रोकंट्रोलर प्रोग्रामर हे संगणकावर तयार केलेला प्रोग्राम मायक्रोकंट्रोलर चिपच्या स्मृतीत उतरवणारे उपकरण आहे. त्याच्या एका बाजूस संगणक (हल्ली बहुधा यूएसबी केबलने) व दुसऱ्या बाजूस ती चिप बसवलेला परिपथ जोडलेला असतो. या परिपथास लक्ष्य परिपथ किंवा व्यवहारात नुसते 'टार्गेट' म्हणतात. प्रोग्राम चिपमध्ये उतरत नसेल, तर दोष प्रोग्राममध्ये किंवा चिपमध्ये आहे असे गृहीत धरले जाते. परंतु 'मेली' म्हणून बाजूला टाकलेली चिप पुष्कळदा सुस्थितीत असते आणि चूक जोडणीत असते. परिपथाला वीज कोण देणार, दोन्ही बाजूंचे ग्राउंड एकत्र आलेले आहे का, आणि प्रत्येक तार योग्य टोकाला, पुरेशा आखूड अंतराने पोहोचली आहे का, या तीन बाबींवर प्रोग्रामिंगचे यश अवलंबून असते. दुसरी बाब केवळ चिपच्याच नव्हे, तर काम करणाऱ्या व्यक्तीच्या सुरक्षिततेशीही निगडित आहे.

पार्श्वभूमी

इंटेल कंपनीने १९८० मध्ये ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर बाजारात आणला. त्याच्या ८७५१ या आवृत्तीत प्रोग्राम साठवण्यासाठी ईप्रॉम स्मृती होती. ती पुसण्याकरिता चिपच्या पाठीवरील काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागत. चिप परिपथातून काढायची, पुसायची, प्रोग्रामरच्या सॉकेटमध्ये बसवायची आणि काम झाल्यावर पुन्हा परिपथात लावायची, असा तो क्रम होता. ही पद्धत वेळखाऊ असली तरी तिच्यात वीजजोडणीचा प्रश्न उद्भवत नसे. सॉकेटमधील एकट्या चिपला लागणारे सर्व विद्युतदाब प्रोग्रामरच पुरवत असे.

विजेने पुसता येणारी स्मृती आणि मोजक्या तारांवरून माहिती पाठवण्याची क्रमिक पद्धत आल्यावर चिप परिपथातून न काढताच प्रोग्राम करणे शक्य झाले. मायक्रोचिप कंपनीचा पीआयसी १६सी८४ (१९९३) आणि त्यानंतर काही वर्षांनी आलेली ॲटमेल कंपनीची एव्हीआर मालिका ही याची ठळक उदाहरणे होत. (ॲटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपने विकत घेतली.) या पद्धतीला परिपथांतर्गत प्रोग्रामिंग असे म्हणता येईल, 'आयएसपी' आणि 'आयसीएसपी' ही तिचीच प्रचलित नावे आहेत. आता प्रोग्रामरची गाठ एकट्या चिपशी न पडता, स्वतःचा वीजपुरवठा, स्वतःचे कपॅसिटर, रिले आणि दिवे असलेल्या संपूर्ण परिपथाशी पडते. जोडणीचे बहुतेक प्रश्न येथूनच सुरू होतात.

वीजपुरवठा

पहिल्या प्रकारात प्रोग्रामर स्वतः लक्ष्य परिपथाला वीज देतो. ब्रेडबोर्डवर एक चिप आणि एखादी एलईडी एवढाच पसारा असेल तर हे सोयीचे असते. मात्र ही वीज अखेर संगणकाच्या यूएसबी पोर्टमधून येते आणि यूएसबी २.० च्या मानकानुसार एका उपकरणाला जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पिअर प्रवाह घेता येतो. पिककिट ३ सारखा प्रोग्रामर तर लक्ष्य परिपथाला सुमारे ३० मिलिॲम्पिअर एवढाच प्रवाह देऊ शकतो. परिपथात रिले, सर्वो मोटार किंवा मोठा डिस्प्ले असेल तर विद्युतदाब ऐन लेखनाच्या वेळी खाली येतो आणि स्मृतीत अर्धवट किंवा चुकीची माहिती लिहिली जाते.

विद्यार्थिवर्गात लोकप्रिय असलेल्या यूएसबीएस्प या स्वस्त व मुक्त आराखड्याच्या प्रोग्रामरवर जेपी१ नावाचा जंपर असतो. तो लावल्यास यूएसबीचे ५ व्होल्ट थेट लक्ष्य परिपथाकडे जातात. या मार्गावर शॉर्टसर्किटपासून कोणतेही संरक्षण नाही, असा इशारा मूळ आराखड्यासोबतच दिलेला आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक प्रतींवर हा जंपर आधीच लावलेला असतो, म्हणून पहिल्या वापरापूर्वी तो तपासणे इष्ट ठरते.

दुसऱ्या प्रकारात लक्ष्य परिपथ स्वतःच्या पुरवठ्यावर चालतो आणि प्रोग्रामर त्याचा विद्युतदाब केवळ मोजतो. ॲटमेलचे मूळ प्रोग्रामर तसेच एआरएम गाभ्याच्या चिपसाठीचे एसटी-लिंक व्ही२ हे उपकरण या पद्धतीने काम करतात. कनेक्टरवरील 'व्हीटीरेफ' किंवा तत्सम नावाचे टोक वीज देण्यासाठी नसून घेण्यासाठी, म्हणजे लक्ष्य परिपथाचा दाब ३.३ व्होल्ट आहे की ५ व्होल्ट हे कळण्यासाठी असते. नवशिक्या व्यक्तीला हे टोक वीज देणारे वाटते. परिपथाला वेगळा पुरवठा न देता ती प्रोग्रामरकडून विजेची वाट पाहत राहते आणि प्रोग्रामर परिपथाकडून. याउलट, एसटी-लिंकच्या स्वस्त प्रतिकृतींवर बहुधा ३.३ व्होल्ट देणारे टोक असते. एकाच नावाच्या दोन उपकरणांत हा फरक असल्याने नुसत्या नावावर विसंबता येत नाही. मल्टिमीटरने मोजून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वीज देणे टाळावे लागते. ५.० व्होल्टचा यूएसबी पुरवठा आणि ५.२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर समांतर जोडले गेल्यास जास्त दाबाचा स्रोत दुसऱ्यात प्रवाह ढकलू लागतो आणि त्याचा भार संगणकाच्या पोर्टवर पडू शकतो. यासाठी लक्ष्य परिपथ स्वतःच्या विजेवर असताना प्रोग्रामरचा पुरवठा-जंपर काढून ठेवतात.

लक्ष्य परिपथ पूर्ण बंद असताना प्रोग्रामर चालू असणे हा याहून फसवा प्रकार आहे. एटीमेगा३२८पी या चिपच्या कोणत्याही साध्या टोकावरील दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा ०.५ व्होल्टहून अधिक वर जाता कामा नये, अशी मर्यादा तिच्या माहितीपत्रकात दिलेली आहे. पुरवठा शून्य असेल आणि संकेताच्या तारेवर ५ व्होल्ट असतील, तर चिपच्या आतील संरक्षक डायोडमधून वीज पुरवठ्याच्या रेषेत शिरते. परिपथावरील एलईडी मंद उजळते, चिप अर्धवट जागी होते आणि कधी कधी ओळखही सांगते. अशा वेळी वीज दिलेली आहे असाच समज होतो. हा चोरवाटेचा पुरवठा लेखनासाठी अपुरा पडतो, शिवाय डायोडवर ताण येतो.

विद्युतदाबांचा मेळ हाही याच विषयाचा भाग आहे. एटीमेगा३२८पी १.८ ते ५.५ व्होल्टपर्यंत चालते, त्यामुळे ५ व्होल्टचा प्रोग्रामर तिला चालतो. परंतु त्याच संकेत-तारांवर ३.३ व्होल्टचे एसडी कार्ड जोडलेले असेल तर चिप वाचते आणि कार्ड जळते. अशा परिपथासाठी दाब बदलता येणारा प्रोग्रामर वापरावा किंवा कार्ड काढून ठेवावे.

समान ग्राउंड आणि मुख्य विजेचा धोका

संकेताच्या तारेवरील 'शून्य' आणि 'एक' हे ग्राउंडच्या तुलनेतच ठरतात. दोन्ही बाजूंचे ग्राउंड जोडलेले नसेल तर प्रोग्रामरने पाठवलेल्या दाबाला लक्ष्य परिपथाच्या दृष्टीने काही अर्थच उरत नाही. वेगळ्या बॅटरीवर चालणाऱ्या परिपथात ही तार हमखास विसरली जाते. दोन्हीकडे वीज आहे, सर्व संकेत-तारा जागच्या जागी आहेत आणि तरी चिप ओळख देत नाही, असे त्याचे लक्षण असते.

लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये अर्थिंग नसेल, किंवा प्लग तीन पिनांचा असूनही घरातील बोर्डाला अर्थिंगच नसेल, तर अडॅप्टरमधील गाळणी-कपॅसिटरांमुळे लॅपटॉपचे ग्राउंड जमिनीच्या तुलनेत मुख्य विजेच्या सुमारे निम्म्या दाबावर तरंगत राहते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागताच जाणवणाऱ्या मुंग्या त्याच्याच होत. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही. परंतु अर्थिंग केलेल्या परिपथाला प्रोग्रामर लावताना ग्राउंडआधी संकेताची तार टेकली, तर हा साठलेला भार चिपच्या त्या टोकातून वाट काढतो. यूएसबीच्या प्लगमध्ये वीज व ग्राउंडच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा लांब ठेवलेल्या असतात, जेणेकरून त्या आधी जोडल्या जाव्यात. प्रोग्रामरच्या साध्या कनेक्टरमध्ये ही सोय नसते. सुट्या तारा वापरताना ग्राउंडची तार सर्वांत आधी लावणे व सर्वांत शेवटी काढणे ही पद्धत त्यामुळे रूढ झाली आहे.

खरा प्राणघातक धोका ट्रान्सफॉर्मरविरहित पुरवठ्याचा आहे. स्वस्त एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टायमर आणि काही वीजमापक यांत २३० व्होल्टमधून कपॅसिटर किंवा रेझिस्टरच्या साहाय्याने थेट ५ व्होल्ट काढलेले असतात. अशा परिपथाच्या 'ग्राउंड'चा मुख्य विजेच्या तारेशी प्रत्यक्ष संबंध असतो आणि प्लग उलटा लागल्यास ते ग्राउंड थेट फेजवर येते. मल्टिमीटरने चिपच्या दोन टोकांमध्ये मोजल्यास निरुपद्रवी ५ व्होल्टच दिसतात. तेथे प्रोग्रामर जोडला की यूएसबीच्या ग्राउंडमार्गे फेज संगणकाच्या अर्थिंगपर्यंत पोहोचते. प्रोग्रामर व संगणक जळतातच, पण अर्थिंग नसलेल्या लॅपटॉपचा धातूचा भाग २३० व्होल्टवर येऊन स्पर्श करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. असा परिपथ मुख्य विजेला जोडलेला असताना त्याला प्रोग्रामर लावू नये. प्लग काढून, मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, चिपला प्रोग्रामरमधून किंवा बॅटरीवरून वीज द्यावी. परिपथ चालू असतानाच जोडणे अपरिहार्य असेल तर मुख्य विजेच्या दाबाला पुरे पडणारा यूएसबी आयसोलेटर मध्ये लावतात. असे काम अनुभवी तंत्रज्ञाच्या देखरेखीखालीच केले जाते.

केबल आणि कनेक्टर

एव्हीआर चिपसाठी ६ किंवा १० टोकांचा, दोन ओळींचा, २.५४ मिलिमीटर अंतराचा कनेक्टर वापरला जातो. सहा टोकांच्या कनेक्टरमध्ये १ मिसो, २ व्हीसीसी, ३ एससीके, ४ मोसी, ५ रीसेट आणि ६ ग्राउंड असा क्रम असतो. दहा टोकांच्या कनेक्टरमध्ये १ मोसी, २ व्हीसीसी, ५ रीसेट, ७ एससीके, ९ मिसो व १० ग्राउंड. उरलेल्यांपैकी ८ हे ग्राउंड असते, ३ बहुधा रिकामे असते, तर ४ आणि ६ ही टोके मूळ आराखड्यात ग्राउंड असली तरी यूएसबीएस्पमध्ये वेगळ्या कामासाठी राखलेली आहेत. दोन्ही प्रकारांत पहिल्या टोकाचा अर्थ निराळा असल्याने एकावरून दुसऱ्यावर जाताना अंदाजाने तारा लावणे महागात पडते.

पट्टीसारख्या रिबन केबलच्या एका कडेची लाल तार पहिले टोक दर्शवते, तर बोर्डावर पहिल्या टोकाजवळ त्रिकोण, ठिपका किंवा चौकोनी डाग असतो. भोवती खाच असलेली पेटी असल्यास कनेक्टर उलटा बसत नाही. नुसत्या उघड्या पिना असल्यास मात्र बसतो. सहा टोकांचा कनेक्टर १८० अंशांत फिरला तर प्रोग्रामरचे व्हीसीसी चिपच्या रीसेटवर आणि ग्राउंड मिसोवर जाते. व्हीसीसी व ग्राउंड यांची थेट अदलाबदल होत नसल्यामुळे चिप बऱ्याचदा वाचते. एका ओळीने सरकवून लावलेल्या कनेक्टरबाबत तशी हमी नसते. स्वतः छापील बोर्ड तयार करणारे विद्यार्थी आणखी एक चूक करतात: टोकांची आकृती वरून पाहिलेली असते आणि डाग बोर्ड उलटा करून लावले जातात, त्यामुळे सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटते.

मिसो, मोसी आणि एससीके या तारा सरळ जोडायच्या असतात, म्हणजे मिसोला मिसो व मोसीला मोसी. यूएआरटी पद्धतीत याउलट टीएक्स हे आरएक्सला जोडतात. दोन्ही पद्धती एकाच प्रयोगशाळेत शिकवल्या जात असल्याने हा गोंधळ सार्वत्रिक आहे.

केबलची लांबी व संकेताचा वेग

प्रोग्रामरसोबत येणारी केबल आखूड असते, याला कारण आहे. लांब तारेत संकेताच्या कडा मागे उसळून एससीकेवर एकाऐवजी दोन ठोके असल्याचा भास निर्माण करतात आणि शेजारच्या तारेतील संकेत एकमेकांत मिसळतात. साधारण १५ ते २० सेंटिमीटरची केबल सहसा त्रास देत नाही. अर्धा मीटर लांबीच्या जंपर तारांचा जुडगा देतो. लांबी टाळता येत नसेल तर संकेताच्या तारांशेजारी ग्राउंडच्या तारा ठेवणे, प्रोग्रामरच्या बाजूस काही दशक ओहमचे रेझिस्टर मालिकेत लावणे आणि वेग कमी करणे हे उपाय आहेत. चिपच्या व्हीसीसी व ग्राउंड टोकांमध्ये, अगदी लगत, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असणे येथे गृहीत धरलेले असते.

वेगाचा संबंध केवळ तारेशी नाही. एव्हीआर चिपमध्ये एससीकेची वारंवारता चिपच्या घड्याळाच्या एकचतुर्थांशापेक्षा कमी ठेवावी लागते. एटीमेगा३२८पी कारखान्यातून येते तेव्हा तिचे अंतर्गत ८ मेगाहर्ट्‌झ घड्याळ ८ ने भागलेले, म्हणजे १ मेगाहर्ट्‌झवर असते. अशा चिपसाठी मर्यादा २५० किलोहर्ट्‌झ होते; यूएसबीएस्पचा नेहमीचा वेग मात्र ३७५ किलोहर्ट्‌झ आहे. पाकिटातून काढलेली कोरी चिप ओळख देत नाही आणि 'खराब माल' म्हणून परत केली जाते, ती याच कारणाने. यूएसबीएस्पवरील जेपी३ हा जंपर लावल्यास वेग सुमारे ८ किलोहर्ट्‌झपर्यंत उतरतो. एव्हीआरड्यूड या आज्ञावलीत 'बी' या पर्यायाने एका ठोक्याचा कालावधी मायक्रोसेकंदांत देता येतो. भारतातील प्रयोगशाळांत, महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांतही, परिचित असलेल्या ८०५१ कुळातील एटी८९एस५२ या चिपला ही मर्यादा अधिक कडक आहे: क्रिस्टलच्या वारंवारतेचा सोळावा भाग. शिवाय या चिपचे रीसेट टोक एव्हीआरच्या उलट, उच्च दाबावर सक्रिय होते. त्यामुळे एव्हीआरसाठीचा प्रोग्रामर तारा बरोबर लावूनही, सॉफ्टवेअरमध्ये योग्य चिप निवडल्याशिवाय तिच्यावर चालत नाही.

अन्य कुळांतील भेद

पीआयसी चिपच्या सहा टोकांच्या एका ओळीत अनुक्रमे एमसीएलआर/व्हीपीपी, व्हीडीडी, व्हीएसएस, पीजीडी, पीजीसी आणि एक पर्यायी टोक असते. जुन्या पीआयसी चिपमध्ये लेखनाच्या वेळी व्हीपीपीवर १२ ते १३ व्होल्टच्या आसपास दाब येतो. परिपथातील रीसेटचा भाग थेट ५ व्होल्टच्या रेषेला जोडलेला असेल तर हा दाब इतर चिपांपर्यंत पोहोचतो, म्हणून मध्ये सुमारे १० किलोओहमचा रेझिस्टर ठेवतात. एमसीएलआर, पीजीडी व पीजीसी यांवर कपॅसिटर लावत नाहीत. पीजीडीवर माहिती दोन्ही दिशांनी जात असल्याने तेथे डायोडही चालत नाही.

एआरएम गाभ्याच्या चिपसाठी एसडब्ल्यूडी पद्धतीत एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके आणि ग्राउंड या तीन तारा पुरतात. रीसेटची चौथी तार असल्यास अडकलेली चिप सोडवता येते. अलीकडच्या काही एव्हीआर चिप तर यूपीडीआय या एकाच संकेत-तारेवर प्रोग्राम होतात.

ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ यांना स्वतंत्र प्रोग्रामर लागत नाही, यूएसबी-ते-सिरीयल अडॅप्टर पुरतो. त्यांची अडचण विजेची आहे. वायफाय सुरू होताना या चिप क्षणभर काही शे मिलिॲम्पिअर प्रवाह ओढतात आणि ईएसपी३२ साठी निर्मात्याची शिफारस किमान ५०० मिलिॲम्पिअर क्षमतेच्या पुरवठ्याची आहे. एफटी२३२आर या अडॅप्टर-चिपचे ३.३ व्होल्टचे टोक मात्र केवळ ५० मिलिॲम्पिअर देऊ शकते. प्रोग्राम उतरतो, पण वायफाय सुरू होताच चिप वारंवार रीसेट होते, असा अनुभव त्यातूनच येतो.

अर्डुइनो उनो हा बोर्डही प्रोग्रामर म्हणून वापरता येतो. त्याचे १० क्रमांकाचे टोक लक्ष्य चिपच्या रीसेटला, ११ मोसीला, १२ मिसोला आणि १३ एससीकेला जोडतात. संगणकाने सिरीयल पोर्ट उघडताच हा बोर्ड स्वतःच रीसेट होत असल्याने त्याच्या रीसेट व ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा लागतो. हा कपॅसिटर बोर्डात प्रोग्रामरचा प्रोग्राम उतरवून झाल्यानंतरच लावायचा असतो, अन्यथा तोच प्रोग्राम उतरण्यात आडकाठी येते.

जोडणीचा क्रम व दोषनिदान

सर्वसाधारणपणे दोन्ही बाजू वीजरहित असताना लक्ष्य परिपथाची केबल लावली जाते. त्यानंतर प्रोग्रामर संगणकाला जोडतात आणि परिपथाला स्वतंत्र पुरवठा असल्यास तो लगेच सुरू करतात. काढताना आधी परिपथाचा पुरवठा व यूएसबी बंद करून मग केबल काढली जाते. लेखन चालू असताना केबल हलवणे सर्वांत हानिकारक. त्या क्षणी चिपच्या 'फ्यूज' नावाच्या मांडणी-नोंदी लिहिल्या जात असतील तर घड्याळाची निवड चुकून चिप बाह्य क्रिस्टलची वाट पाहत बसते. रीसेट टोक बंद करणारा फ्यूज लिहिला गेला, तर नेहमीच्या आयएसपी केबलने ती चिप पुन्हा प्रोग्राम होत नाही; रीसेटवर १२ व्होल्ट देणारा उच्चदाब प्रोग्रामर लागतो.

काहीही लिहिण्यापूर्वी चिपची ओळख-संख्या वाचून पाहणे हितावह असते. एटीमेगा३२८पीची ओळख षोडशमान पद्धतीत १ई-९५-०एफ अशी आहे. ती बरोबर आली तर तारा, ग्राउंड, वीज आणि वेग हे चारही एकाच वेळी तपासले जातात. सर्व शून्ये किंवा सर्व एफएफ आल्यास मिसोची तार, वीज किंवा रीसेट यांकडे पाहावे. प्रत्येक वाचनाला वेगळी संख्या येत असेल तर केबल लांब किंवा वेग जास्त आहे. वेग दहापट कमी करून पुन्हा वाचावे. १ई-९५-१४ आल्यास जोडणी निर्दोष आहे, मात्र हातातील चिप 'पी' नसलेली एटीमेगा३२८ आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये तेच नाव निवडावे लागते.